दहा दिवसांचा करंट

"तुम्हाला किती दिवसांचा करंट सांगितलाय?"

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या बायकांची ओळख याच प्रश्नाने होते. कुणाला दहा दिवस, कुणाला पंधरा. माझ्या आईला दहा सांगितले होते. गुडघे दुखतात म्हणून रोज संध्याकाळी मी तिला रिक्षाने घेऊन जायचो. आत पडदे लावून केलेले पाच पलंग आणि प्रत्येकाशेजारी एक पेटी. एक मुलगी यायची, गुडघ्याभोवती चार ओले पॅड बांधायची, बटण फिरवायची, "मुंग्या आल्या का आजी?" एवढं विचारायची आणि पुढच्या पडद्याआड जायची. पंधरा मिनिटांनी पेटी वाजली की जेल लावून गुडघ्यावरून फिरवायचं दुसरं यंत्र, पाच मिनिटं. मग कार्डावरच्या दहा चौकोनांपैकी एकात सही. दहाव्या दिवशी कार्ड भरलं, दुखणं थोडं उतरलं होतं, आणि निरोप मिळाला, "परत दुखलं तर या." तीन आठवड्यांत परत दुखलं.

या दहा दिवसांत आईच्या मांड्यांत किती जोर आहे हे कुणी तपासलं नाही. हात न टेकता ती खुर्चीतून उठते का, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकते, हे कुणी पाहिलं नाही. घरी काय करायचं याचा चिटोराही मिळाला नाही. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. पण त्यानंतर मी या विषयात जरा डोकं घातलं आणि एक गोष्ट पटली. फिजिओथेरपी या नावाने आपल्याकडे जे सर्वांत जास्त विकलं जातं, तो त्या विद्येचा सर्वांत कच्चा भाग आहे. जो भाग पक्का आहे, म्हणजे दुखणाऱ्या माणसाला मोजूनमापून हालचाल शिकवणं, त्याला धड दर नाही, पुरेशी सरकारी पदं नाहीत आणि विमाही नाही.

आधी त्या पेटीबद्दल. तिला इंटरफेरेन्शियल थेरपी म्हणतात, बोलीभाषेत आयएफटी. मध्यम वारंवारतेचे दोन विद्युतप्रवाह त्वचेतून आत सोडतात आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे कमी वारंवारतेचे ठोके तयार होतात. दुखणं कमी का वाटतं, याचं एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात सापडतं. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे, मुंग्यांचे संदेश तिथे गर्दी करून गेले की वेदनेच्या संदेशांना वाट कमी मिळते. कोपर कशावर आपटलं की आपण ते चोळतो, त्यात हेच तत्त्व आहे. चोळून बरं वाटतं, यात खोटं काही नाही. पण चोळल्याने कोपर मजबूत होत नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१६मध्ये कंबरदुखीबद्दल स्पष्ट लिहिलं की अल्ट्रासाउंड (जेल लावून फिरवायचं ते यंत्र), टेन्स (विजेच्या सौम्य झटक्यांची तशीच पेटी), इंटरफेरेन्शियल आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) हे उपचार देऊ नयेत. कमरेचा पट्टाही देऊ नये. (आपल्याकडे घरटी एक पट्टा दाराच्या मागच्या खिळ्याला लटकलेला असतो, तो तोच.) २०२२मध्ये गुडघ्याच्या आणि इतर सांध्यांच्या झिजेबद्दलही त्यांनी विजेच्या उपचारांना नकार दिला आणि व्यायाम सर्वांनाच द्यावा असं म्हटलं. हे काही गुपित नाही. आपल्याकडचे चांगले फिजिओथेरपिस्ट खासगीत हेच सांगतात. दुखणं जरा उतरलं की त्या तेवढ्या वेळात व्यायाम करून घेता येतो, यंत्राचा उपयोग असलाच तर तितकाच, असं त्यांचं म्हणणं असतं. अडचण अशी की ते 'तेवढ्या वेळात' बहुतेक ठिकाणी कधी येतच नाही.

ते का येत नाही? हिशेब सरळ आहे. एका माणसाला तपासून, त्याची चाल बघून, त्याला तीन व्यायाम नीट शिकवायचे आणि पुन्हा करून घ्यायचे तर पाऊण तास जातो. तेवढ्याच वेळात पाच पलंग, पाच पेट्या आणि एक मदतनीस यांच्या जोरावर पाचपट माणसं होतात. जागेचं भाडं, यंत्राचे हप्ते, बारावीनंतर साडेचार वर्षं भरलेली कॉलेजची फी, हे सगळं कुठून तरी निघायला हवं. आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही काही साधे नाही. शेजारच्या काकू एका दवाखान्याबद्दल तक्रार करत होत्या, "काही केलंच नाही हो, नुसतं बोलली आणि पाय वर-खाली करायला लावले." आपल्याला कुणीतरी आपल्या अंगाला काहीतरी केलेलं हवं असतं. सुई, पट्टी, शेक, करंट. स्वतः करायला सांगणारा माणूस फसवतोय असं वाटतं.

गंमत अशी की महाराष्ट्रात ही विद्या आली ती यंत्राच्या जोरावर आली नव्हती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली. वाचलेल्या मुलांचे पाय लुळे पडले होते आणि त्यांना पुन्हा उभं करायला शिकवणारी माणसं देशात जवळजवळ नव्हती. परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते या गरजेतून. त्याच रुग्णालयात १९५०मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या उपचारांची, शाळा काढली होती. या बाई जन्माने अमेरिकन, लग्न होऊन निंबकर झालेल्या. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर यांच्या त्या आई. १९५५मध्ये हाजी अलीला अपंग पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली होती; आज ती खडकीला आहे. या सगळ्या ठिकाणी कामाचं मूळ एकच होतं. उरलेल्या स्नायूंकडून थोडं थोडं जास्त काम करून घ्यायचं, रोज, महिनोन्‌महिने, आणि ते करताना शेजारी एक शिकवणारं माणूस उभं असायचं.

त्या शिकवणाऱ्या माणसाची जागा पेटीने घेतली, तशी निदानाची जागा एका शब्दाने घेतली आहे. तो शब्द म्हणजे 'गॅप'.

"मणक्यात गॅप आहे" हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने ऐकलं नाही असा पन्नाशीचा माणूस दाखवावा. गॅप कसला, कशात, कितीचा, हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. खरं तर फोटोत दिसतं ते उलटंच. दोन मणक्यांमधली चकती वयाबरोबर पाणी गमावते, चपटी होते आणि मणक्यांतलं अंतर कमी होतं. पण गॅप म्हटलं की डोळ्यांसमोर भिंतीची भेग येते. घर पडायला आलंय, पाऊल जपून टाका. गुडघ्याच्या बाबतीत "वंगण संपलंय" आणि "वाटी झिजलीय" हे याच जातीचे शब्द. गाडीचं वंगण संपल्यावर गाडी चालवली तर इंजिन बसतं, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून माणूस चालणं सोडतो. प्रत्यक्षात सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो तो सांध्यावर भार येतो-जातो तेव्हा. शब्द चुकला की उपचारही उलट्या दिशेने जातो.

२०१५मध्ये एका संशोधनपर आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशीतल्या धडधाकट माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होतं आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. चकती बाहेर आलेली विशीत ३० टक्क्यांत, ऐंशीत ८४ टक्क्यांत. आणि यांतल्या कुणालाही दुखत नव्हतं. म्हणजे एमआरआयच्या कागदावर जे लिहिलेलं असतं, त्यातलं बरंचसं डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखं आहे. ते असतं, पण दुखण्याचं कारण तेच असेल असं नाही. २०१८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने कंबरदुखीवर लेखमाला काढली तिचा सूरही हाच होता. ऊठसूट फोटो काढू नका, झोपून राहायला सांगू नका, हिंडतं-फिरतं ठेवा.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, नाहीतर मीही त्या पायाळू मुलासारखा ठरेन, ज्याची गोष्ट पुढे येते. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, पायातला जोर जात चालला, ताप आला, विनाकारण वजन उतरलं, किंवा आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला नवं दुखणं सुरू झालं, तर व्यायाम नाही, करंट नाही, गॅपची चर्चा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता पायाळू. कमरेत उसण भरली की आमच्या गावाकडे पायांकडून जन्मलेल्या माणसाला शोधत. त्याने दुखऱ्या जागी लाथ लावली की उसण जाते, असा ठाम समज. आमच्या गल्लीत एक असा मुलगा होता. शाळेत जायच्या आधी तो एखाद-दुसऱ्या कमरेला पाय लावून जायचा आणि बदल्यात शेंगदाण्याचा लाडू न्यायचा. त्याचा गुण चांगला होता, असं लोक अजून सांगतात. गुण चांगला असणारच, कारण साधी उसण थोड्या दिवसांत आपणहून उतरते आणि माणूस पायाळू शोधायला निघतो ते दुखणं ऐन भरात असताना. त्यानंतर काहीही केलं तरी उतारच पडायचा. दहा दिवसांच्या करंटचं बरंचसं यशही याच खात्यात जमा करावं लागेल. फरक एवढाच की लाडू स्वस्त होता.

व्यायामाचा मुद्दा काढला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो सगळ्यांत खरा आहे. "दिवसभर रानात राबते, वर आणखी व्यायाम कशाला?" विचारणारी बाई उकिडवं बसून सहा-सहा तास खुरपणी करते, आवणात वाकून भात लावते, ऊसतोडीच्या टोळीत असली तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिला "हालचाल करत जा" असं सांगणारा माणूस तिला मूर्खच वाटणार.

याचं उत्तर मला इंग्रजी पुस्तकात सापडण्याआधी कोल्हापूरच्या तालमीत सापडलं. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी पाचशे जोर मारायला लावत नाही. पंचवीसवर थांबवतो, महिन्याने आकडा वाढवतो, मेहनतीनंतर मालिश, खुराक, झोप बघतो, आणि पोटऱ्या दुखताहेत म्हटलं तर त्या दिवशी बैठका कमी करतो. ओझं मापात, चढत्या पायरीने, मध्ये उसंत देऊन. तेच ओझं बेमाप, एकाच बाजूला, वर्षानुवर्षं, जेवणापुरतीही उसंत न देता टाकलं तर शरीर घडण्याऐवजी झिजतं. खुरपणी करणारीच्या पाठीचे काही स्नायू दिवसभर ताणलेले राहतात आणि मांडीचे, नितंबांचे जे स्नायू गुडघ्याला सांभाळतात त्यांना कधी पुरता व्यायाम मिळतच नाही. कष्ट आणि कसरत यांत हा फरक आहे आणि तो समजावून सांगायला जाणतं माणूस लागतं.

मात्र त्या बाईला नुसता व्यायामाचा कागद देऊन घरी पाठवणं हाही एक क्रूर विनोद होईल. तिच्यासाठी उपचाराचा अर्धा भाग कामाच्या जागी आहे. उभ्याने चालवता येणारं सायकल कोळपं मिळालं तर तिची कंबर जितकी वाचेल तितकी कुठल्याही पेटीने वाचणार नाही. हे सुचायचं तर फिजिओथेरपिस्टने तिला काम करताना पाहिलेलं तरी हवं. तो शहरातल्या मॉलशेजारी बसून चालणार नाही.

आता सरकार काय करतं ते पाहू. गुडघ्याबद्दल सरकारला कळकळ नाही असं म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा दीड लाखाच्या वर होता, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतका खाली आला. चांगलं काम झालं. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं कवच मिळालं, तेही चांगलं. पण ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. बाह्यरुग्ण विभागातला खर्च तीत येत नाही, आणि बहुतेक खासगी मेडिक्लेमचीही तीच तऱ्हा. म्हणजे माझ्या आईने गुडघा बदलायचा ठरवला तर मदतीला व्यवस्था उभी आहे. गुडघा बदलायची वेळ येऊ नये किंवा लांबावी म्हणून तिने बारा आठवडे कुणाच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा ठरवला, तर तिच्यासाठी कुणीच नाही.

डेन्मार्कमध्ये २०१५मध्ये शंभर रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळे गुडघा बदलण्याच्या लायकीचे. निम्म्यांवर शस्त्रक्रिया आणि व्यायाम, निम्म्यांना नुसता व्यायाम, आहार-सल्ला, बुटातले आधार आणि औषध. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या २६ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्या जवळजवळ तीन-चतुर्थांशांनी तेवढ्यात भागवलं. शस्त्रक्रियेच्या गटाला आराम जास्त पडला हेही खरं, आणि गंभीर गुंतागुंती त्यांच्यातच जास्त झाल्या हेही. मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याने गुडघा जरूर बदलावा, आणि बदलल्यावर व्यायाम चुकवू नये, नाहीतर नवा सांधाही आखडतो. पण आधीची पायरीच बांधलेली नसेल तर माणूस थेट वरच्या मजल्यावर उडी मारणार.

व्यायाम म्हणजे जादू नाही, हेही कबूल करायला हवं. २०२४मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने गुडघ्याच्या झिजेवरच्या व्यायामाच्या चाचण्यांचा नव्याने आढावा घेतला. फायदा आहे, पण सरासरीने पाहिलं तर तो माफक आहे, असं त्यातून निघालं. व्यायामाच्या बाजूने जोरजोरात बोलणाऱ्यांची, माझ्यासकट, थोडी हवा गेली. तरी मी माझी बाजू सोडत नाही. माफक फायदा, जवळजवळ शून्य धोका आणि एकदा शिकलं की आयुष्यभर फुकट, असं दुसरं काही या दुखण्यात उपलब्ध नाही. शिवाय त्याच व्यायामाने तोल सुधारतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते; पेटीचा त्यांपैकी कशाशीच संबंध नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये या व्यवसायाबद्दल देशभर चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीवरून. फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉ.' लावावं की नाही? आरोग्यसेवा महासंचालनालयाने लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. दोन्हीकडच्या संघटना हिरीरीने भांडल्या. पाटीवर काय लिहायचं यावर इतकी शाई सांडली, पण ती पाटी तालुक्याच्या गावी लागणार आहे का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोग मिळाला, महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून राज्य परिषद आहे, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालच्या कॉलेजांतून दरवर्षी मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतली बरीचशी परदेशी परीक्षांच्या क्लासला जातात. त्यांना दोष कसा देणार? इथे पद कुठे आहे?

ते पद ग्रामीण रुग्णालयात हवं, कायमचं. आठवड्यातला एकेक दिवस आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत. दहा-बारा बायका एकत्र, समाजमंदिरात, खुर्च्या आणि एक भिंत एवढ्या सामानावर. गुडघेदुखीसाठी डेन्मार्कने २०१३पासून असाच गटाने व्यायाम देशभर चालवला आहे, थोडं समजावणं आणि सहा आठवडे देखरेखीखालची कसरत. आपल्याकडे तर बचत गटांमुळे बायकांना गटाने बसायची सवय आहेच. आणि विमा कंपन्यांना सांगावं लागेल की पैसे तपासणीचे आणि शिकवणीचे मोजा, पेटीच्या चौकोनांचे नव्हे. तेवढं झालं तर दवाखान्यांचाही हिशेब बदलेल.

सरकारने मार्च २०२३पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं केलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ते त्याआधीच माफ झालं होतं. त्यामुळे गावातून जिल्ह्याच्या रुग्णालयात, जिथे फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथे जाणं स्वस्त झालं. पण दहा वेळा जायचं म्हणजे दहा दिवसांची मजुरी बुडवायची. तीन खेपांनंतर कार्ड फडताळात पडतं.

आईला मी नंतर दुसरीकडे नेलं. तिथल्या मुलीने यंत्राला हात लावला नाही. चाळीस मिनिटं तिला उठवलं, बसवलं, चालवलं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढवल्या-उतरवल्या. खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचेखाली टॉवेल घेऊन गुडघा दाबणं, भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहणं, असे तीन व्यायाम दिले. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर दोन कमी करा, असं सांगितलं आणि दीड महिन्याने यायला सांगितलं. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "उठबस करायला सांगितली नुसती. शाळेत मास्तर शिक्षा म्हणून करायला लावायचे. याचे चारशे रुपये?"

चार महिने झाले. गुडघे अजून दुखतात, पण पापड वाळत घालायला ती गच्चीवर जाऊन येते. मधूनमधून विचारते, "अरे, तो करंट घ्यायला कधी जायचं?"